तळाचं काळं

घमेल्यात काळं तरंगत होतं.

नयनाला आधी वाटलं, खिडकीतून पानंबिनं उडून पडली असतील. नोव्हेंबर सरत आला होता, बाहेरच्या गिंकोच्या झाडाने अंगण पिवळं करून ठेवलं होतं आणि या पत्र्याच्या शेडची मागची खिडकी कधी धड लागत नसे. पण पानं असती तर पिवळी असती. हे काळं होतं. पातेल्याच्या तळाशी धरलेलं दूध रात्रभर भिजवलं की पापुद्र्यापापुद्र्याने सुटून वर येतं, तसलं काळं. ती वाकली. पाण्याखाली मातीच्या भांड्याचं जाड बूड दिसत होतं, आतून स्वच्छ, नुकतं घासून पालथं घातल्यासारखं.

तिचा हात पाण्याकडे गेला आणि बोटभर अंतरावर थांबला.

काल संध्याकाळी तो असा थांबला असता तर. काल तो थांबला नव्हता.

या शेडमध्ये ती गेली दोन वर्षं खापरं धूत होती. रविकांतच्या कंपनीने त्याला पुण्याहून तोक्योला धाडलं, तेव्हा फुनाबोरीच्या नवव्या मजल्यावर तिचं पहिलं वर्ष गॅलरीत उभं राहून सायकली बघण्यात आणि कुठल्या वारी कुठला कचरा खाली न्यायचा ते पाठ करण्यात गेलं. मग एकदा स्टेशनवर एक चिठोरं चिकटवलेलं दिसलं. उत्खननात निघालेली मातीची भांडी धुवायला माणसं हवीत, अनुभवाची गरज नाही. जपानी शिकवणाऱ्या बाईंनी ते वाचून दाखवलं, तशी नयना खुदकन हसली. घरी सांगितलं तर रविकांतही हसला.

"भांडी घासायला जपानला आलीस होय?"

"पुण्यात फुकट घासत होते. इथे पगार आहे."

बायकोच्या व्हिसावर जेवढे तास काम करता येतं तेवढेच ती करी. लेकीला, चैत्रालीला, शाळेत सोडायचं, मोतोयावातापर्यंत ट्रेन, पुढे सायकल. टेकाडाच्या अंगाला, नव्या इमारती उठत होत्या तिथे, हे शेड. इमारतींचे पाये खणण्याआधी कायद्याने जुनं काही आहे का ते पाहावं लागे, आणि तिथे जुनं पुष्कळ होतं. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या चुली होत्या, खड्डे होते, खापरं तर पोत्यापोत्याने.

ती धुवायला बसे ती ओनो-सानच्या शेजारी. ओनो-सान सत्तरी ओलांडलेल्या, बुटक्या, गालावर उन्हाचे डाग. वीस वर्षं हेच काम करत आलेल्या. नयना आली त्या पहिल्याच दिवशी त्यांनी तिला रबरी हातमोजे दिले, जुना टूथब्रश दिला आणि म्हणाल्या, "मला हे काम का आवडतं माहितीये? माझ्या नवऱ्यापेक्षा जुनं असं काहीतरी हाताळायला मिळतं." नयनाच्या मोडक्या जपानीला तो विनोद समजायला थोडा वेळ लागला, आणि समजल्यावर ती इतकी हसली की ओनो-सानने त्याच घडीला तिला आपलं मानलं.

आणि पहिल्याच दिवशी त्यांनी एक नियमही सांगितला होता. आतल्या बाजूने काळं असलेलं खापर धुवायचं नाही. ते काळं म्हणजे तेव्हाच्या बायांचं शेवटचं करपलेलं जेवण. त्यावरून ते कधी शिजलं ते कळतं आणि नशीब असेल तर काय शिजलं तेही कळतं. म्हणून आधी पाण्याची बारीक धार सोडायची, बघायचं, काळं दिसलं की बाजूला ठेवायचं.

उत्खननाचे प्रमुख किताजिमा सेन्सेई, म्हणजे गुरुजी, सगळं त्या काळ्यासाठीच करत होते. उंच, वाकलेला माणूस, गमबुटांना कायम चिखल. त्यांचा प्रश्न एकच होता आणि तो ते चहाच्या वेळी बायकांनाही समजावून सांगत. पूर्वी या टेकाडावरची माणसं ओकची फळं, चेस्टनट, मासे, शिंपल्या यांवर जगत. समुद्रापलीकडून पश्चिमेला धान्य आलं. मग पिढ्या न् पिढ्या सरकत सरकत पूर्वेकडे आलं. ते इथवर कधी पोचलं? आणि पोचलं तर इथल्या बाईने ते चुलीवर चढवलं का? एका खापरावर बाहेरून इवलासा ठसा सापडला होता. ओल्या मातीत कधीतरी एक दाणा चिकटून जळून गेला, त्याची खळगी. तिच्यात रबर ओतून साचा काढला, आणि पडद्यावर तो दाणा नयनाला एवढा मोठा करून दाखवला तेव्हा ती म्हणाली होती, "आमच्याकडे याला राळं म्हणतात." सेन्सेईंनी तो शब्द तीनदा म्हणून पाहिला. रारा. राऱा. शेवटी हात जोडून हसले.

पण एक दाणा भांड्याबरोबर परगावाहूनही येऊ शकतो. चुलीशेजारच्या खड्ड्यातून आलेल्या बुडात काही करपलेलं निघालं तर ते मात्र इथेच शिजलेलं. खणणं संपलं होतं, वर सिमेंट पडलं होतं, आता नवं काही निघणार नव्हतं. ते बूड आणि सोबतची चार खापरं काल दुपारी सेन्सेईंनी स्वतः तिच्यासमोर आणून ठेवली.

"नयना-सान, ही सगळ्यात जपून."

आणि तिने जपलं. तिच्या आईने शिकवलं होतं तसं जपलं. माती आत गच्च बसली होती, थंडीने दगड झालेली. ब्रश लावला तर ओरखडा उठेल. धारेखाली ती ढिम्म हलेना. ओनो-सान दाताच्या डॉक्टरकडे लवकर गेलेल्या. तेव्हा नयनाने नळाच्या पाण्यात केटलीतलं थोडं कोमट पाणी मिसळलं, पाचही खापरं अलगद घमेल्यात निजवली आणि वर ओला रुमाल टाकून घरी गेली. घासायचं नाही, खरवडायचं नाही. भिजत घालायचं, सकाळी आपोआप सुटतं. सुखाने झोपली होती ती.

सुटलं होतं आपोआप.

शेडमध्ये कुणी नव्हतं. ओनो-सानची सायकल यायला अवकाश होता. मागे मोरी होती. घमेलं तिरकं केलं की झालं. खापरं धुतलेल्या टोपलीत इतर शेकडो खापरांत मिसळली की झालं. कधीच काळं नव्हतं म्हणायचं. आत माती गच्च होती, कोणी पाहिलंय?

ती हात मागे बांधून घमेल्यापाशी उभी राहिली. शाळेत शिक्षा झालेली पोर उभी राहते तशी. हात मोकळे सोडायची तिला भीती वाटत होती.

ओनो-सान आल्या, हेल्मेट काढता काढता थबकल्या.

"आरा," अगंबाई म्हणावं तसं त्या म्हणाल्या. मग पाण्यात डोकावल्या. "भिजवलंस?"

"हो."

"मी घरी तेच करते," ओनो-सान म्हणाल्या. मग हेल्मेट टेबलावर ठेवत म्हणाल्या, "सेन्सेईंना मी सांगू? मला ते रागावत नाहीत. मी त्यांच्या आईच्या वयाची आहे."

"नको. मीच सांगते."

तिने सांगितलं. धडा पाठ करावा तसं जपानी वाक्य मनात जुळवलं होतं, ते सेन्सेईंचे गमबूट दारात दिसताच विस्कटलं. मग जे उरलं ते सांगितलं: मी, काल, पाणी. सेन्सेई गुडघ्यांवर बसले. घमेल्याच्या काठावर दोन्ही हात ठेवून, विहिरीत डोकावावं तसे बघत राहिले.

"पाणी नळाचं?"

"केटलीतलंही घातलं. कोमट."

त्यांनी बारीक जाळीची चाळणी मागवली. एक एक पापुद्रा पाण्यातून वर घेतला, कागदावर ठेवला. कोपऱ्यातला रॉकेलचा स्टोव्ह तेवढा टिकटिकत होता.

"खापरं पाच," शेवटी ते म्हणाले. तिच्याकडे न बघता, पण आवाज चढलेला नव्हता. "भांडी निदान तीन. कुठलं काळं कुणाचं, आता सांगता येणार नाही." मग उठले, गुडघे झटकले. "तुम्ही आज घरी जा, नयना-सान."

रागावले असते तर बरं झालं असतं, असं तिला परतीच्या ट्रेनमध्ये सारखं वाटत होतं. आज घरी जा. आजच, की कायमचं? इतके साधे तीन शब्द, आणि त्यांच्या मागचा पुढचा रस्ताच दिसेना.

संध्याकाळी रविकांत टाय सैल करत ऐकत होता. ऐकून झाल्यावर त्याने डोकं खाजवलं.

"बॅकअप नव्हता काहीच?"

"अडीच हजार वर्षांपूर्वी?"

"नाही गं, म्हणजे फोटो, सॅम्पल, काहीतरी. आमच्याकडे एकाने लाइव्ह सर्व्हरवरचा अख्खा डेटा उडवला होता. जपानी टीम-लीडने त्याला काय केलं माहितीये? दुसऱ्या दिवशी त्यालाच चेकलिस्ट करायला बसवलं."

"म्हणजे काढलं नाही?"

"तो काम चांगलं करायचा," रविकांत म्हणाला आणि तिच्या हातातली कणीक स्वतःकडे ओढून मळू लागला. त्याला मळता येत नसे. तिने मळू दिलं.

तिने फोनकार्डवरचा नंबर खरवडून काढला आणि आईला फोन लावला. आई शिरूरजवळच्या गावात होती. नयना पाळण्यात होती त्या काळात तिथे नदीकाठी पुण्याची शिकलेली माणसं खणायला येत. गावातल्या बायका रोजाने माती वाहायला जात, आईही जाई. गुरांची हाडं निघत, जळके दाणे निघत, रांजण निघत. साहेब लोक मातीत मातीच हुडकतात, असं म्हणून बायका पदरात हसत. आईचा गळा गोड होता. घमेलं डोक्यावर घेऊन चालता चालता ती स्वतःच रचून म्हणे:

राळं सांडलं दारात, पाखराने उचललं
परमुलखाला नेऊन, रान हिरवं गं केलं

"मग?" सगळं ऐकून आई म्हणाली. "करपल्यालं भांडं भिजवायचं न्हाई तर काय पुजायचं? बराबर केलंस तू."

"आई, ते करपलेलंच हवं होतं त्यांना."

फोनमध्ये खरखर झाली. मागे कुणीतरी कोंबड्या हाकत होतं.

"व्हय गं," आई एकदम हळू बोलली. "आमाला बी सांगायचे. काळं दिसलं की हात थांबवायचा. आमी थांबवायचो. जळक्या दाण्याला साहेब असा हात लावायचे, जसं काय तान्हं बाळ." मग म्हणाली, "उद्या जा तू. जाऊन उभी ऱ्हा. हाकललं तर ये घरी. न हाकलता घरी बसू नको."

नयना गेली.

शेडच्या दाराशी खुंट्यांची ओळ होती, प्रत्येक खुंटीवर एकेक ॲप्रन, वर चिकटपट्टीवर नाव. तिने आधी तिकडे पाहिलं. ना-या-ना, तीन जपानी अक्षरं, ओनो-सानच्या हातची, शेवटचं जरा तिरकं. जागेवर होती. ॲप्रनही होता. कुणी धुवून, इस्त्रीसारख्या घड्या पाडून अडकवला होता.

"उशीर झाला तुला," ओनो-सान म्हणाल्या. घमेल्यातून मानही वर केली नाही. "धुवायला बसू नकोस. आज तिकडे."

तिकडे म्हणजे खिडकीजवळचं टेबल. तिथे धुऊन वाळलेल्या खापरांवर मुंगीएवढ्या पांढऱ्या अक्षरांत नंबर घालत: कुठलं गाव, कुठला खड्डा. हात थरथरला की अक्षर बिघडे, म्हणून ते काम सगळ्यांना मिळत नसे. टेबलावर एकच खापर ठेवलं होतं. तेच बूड.

सेन्सेई आले, शेजारी उभे राहिले.

"काळं गेलं. खापर आहे," ते म्हणाले. "नंबर तुम्ही घाला. ते कुठून आलं एवढं तरी हरवायला नको."

तिने मान खाली घातली, जपानी पद्धतीने जितकी खाली घालायची तितकी, आणि मग थोडी आणखी. वर बघितलं तोवर ते गेले होते. मग तिने बूड हातात घेतलं. थंड होतं, वाटलं होतं त्याहून जड. खिडकीतून ऊन तिरकं आत आलं, आणि आतल्या बाजूला, जिथे काळं होतं तिथे, तिला बारीक रेघा दिसल्या. तळाच्या कडेकडेने गोल फिरलेल्या, एकमेकींवर चढलेल्या.

चहाच्या वेळी तिने सेन्सेईंना विचारलं, "हे कुणी खरवडलंय का?"

त्यांनी खापर उन्हाकडे तिरकं धरलं. "नाही, या घडवतानाच्या. माती ओली असताना आतून शिंपल्याने सारखी करायचे, त्याच्या रेघा. पुष्कळ भांड्यांत दिसतात."

"हो का," नयना म्हणाली.

तसंच असणार. त्यांनी आयुष्यभर तेच पाहिलं होतं. तरी ते परत गेल्यावर तिने अंगठा त्या रेघांवरून एकदा फिरवला. उजव्या हाताने भांडं खरवडताना मनगट वळतं तसं तिचं मनगट वळलं. मग तिने ब्रशचं टोक पांढऱ्या रंगात बुडवलं, श्वास धरला आणि बाहेरच्या बाजूने, जिथे कुणाला काही शोधायचं नव्हतं तिथे, बारीक अक्षरांत खड्ड्याचा नंबर घातला. एकही अक्षर बिघडलं नाही. ओनो-सान वाकून बघून गेल्या आणि तिच्या कागदावर दोन सेम्बेई, तांदळाच्या कुरकुरीत चकत्या, ठेवून गेल्या. एरवी त्या एकच ठेवत.

ते पापुद्रे सेन्सेईंनी तरीही तपासायला पाठवले होते. उत्तर यायला वसंत उजाडला; गिंकोला नवी पोपटी पानं आली, नयनाच्या हातचे नंबर आता शेडमधल्या अर्ध्याअधिक टोपल्यांत होते, आणि चिखल भरलेलं बूड आधी एकेकटं धारेखाली धरायचं, हे नव्या येणाऱ्या बायकांना शिकवायचं काम ओनो-सानने तिच्यावर टाकलं होतं. ती शिकवताना सांगे, "मी काय केलं ते आधी ऐका." बायका हसत, मग गप्प होऊन धार बारीक करत.

चहा पिता पिता सेन्सेईंनी सांगितलं, "आलं उत्तर. मिसळलेलं आहे. मासे होते म्हणता येतं. धान्य होतं की नाही, सांगता येत नाही." नयनाने कप खाली ठेवला. त्यांनी ते पाहिलं. "पलीकडच्या प्लॉटवर पुढच्या वर्षी खणणार आहेत," ते म्हणाले, "चूल एकच नसते गावात."

त्या शनिवारी तिने सुपरमार्केटातून आवाची छोटी पुडी आणली. आवा म्हणजे राळंच. इथल्या बायका भातात चिमूटभर घालतात. तिने आईसारखी खीर केली, गूळ घालून. गूळ निशि-कासाईच्या भारतीय दुकानातला. ढवळता ढवळता ती आईची ओळ गुणगुणत होती, आणि पाखराने राळं उचललं, परमुलखाला नेलं, इथवर येईस्तोवर पातेल्याने तळ धरला. वास सुटला तशी चैत्राली खेळ टाकून स्वयंपाकघरात आली.

"कोगेता?" तिने विचारलं. करपलं?

"थोडं लागलंय. वरची खीर चांगली आहे."

वरची खीर तिघांनी खाल्ली. रविकांतने दोनदा घेतली. चैत्रालीने मात्र नंतर पातेलंच मांडीवर ओढलं आणि चमच्याने खरवड काढून खायला बसली, करपट, गोड, चिवट. चमचा तळाच्या कडेकडेने गोल फिरत होता. खर्र, खर्र.

"ओइशी," ती म्हणाली. मग आईने डोळे वटारले म्हणून मराठीत, "छान आहे."

रविकांतने तिच्याकडून पातेलं घेतलं, सिंकमध्ये ठेवलं आणि नळ सोडायला हात केला. "भिजत टाकतो हं. सकाळपर्यंत सुटेल."

"राहू दे."

"अगं, वाळलं तर निघायचं नाही."

"राहू दे आजच्या दिवस," नयना म्हणाली.

तिच्या आवाजात असं काही नव्हतं की विचारावं. रविकांतने हात पुसले, पातेलं उचलून कोरड्या ओट्यावर ठेवलं आणि चैत्रालीला दात घासायला घेऊन गेला. नयनाने दिव्याखाली ते जरा तिरकं केलं. तळाच्या काळ्यात चमच्याच्या रेघा उठल्या होत्या, गोल फिरलेल्या, एकमेकींवर चढलेल्या. एका कडेला राळ्याचे चारदोन दाणे चिकटून राहिले होते.

तिने पातेल्यावर ताटली झाकली, आणि ओटा तेवढा पुसून घेतला.